प्राथमिक आरोग्य केंद्रात व्यसनमुक्तीसाठी मोबाइलचा वापर : सोलापूर परिसरात नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

दारू किंवा तंबाखू सोडायचे ठरवलेला रुग्ण पंधरा दिवसांतून एकदा दहा मिनिटे आपल्यासमोर बसतो आणि उरलेला सगळा वेळ तो आपल्याशिवाय काढतो. यंत्रमाग कारखान्यातील पाळी सुटते, पगार हातात पडतो, घरी जाण्याच्या वाटेवर नेहमीचे दुकान उघडे असते; त्या अर्ध्या तासात काय घडते यावर पंधरा दिवसांचा उपचार टिकणार की मोडणार हे बहुतेक वेळा ठरते. मोबाइलचा खरा उपयोग दोन भेटींच्या मधल्या या काळात आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी, उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी, महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रातील परिचारिका, समुपदेशक आणि गल्लीतले फॅमिली डॉक्टर यांपैकी ज्यांनी अशी साधने अजून वापरलेली नाहीत, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

सुरुवातीलाच एक अट सांगतो, कारण पुढचे सर्व काही तिच्यावर उभे आहे. रुग्णाने पाठवलेल्या निरोपाला उत्तर कोण देणार, किती वेळात देणार आणि ती व्यक्ती रजेवर असताना तिच्या जागी कोण असेल, हे नावानिशी कागदावर लिहिल्याशिवाय कोणतेही साधन सुरू करू नये. रात्री नऊ वाजता ‘आज राहवत नाही’ असे लिहिणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काहीच उत्तर मिळाले नाही, तर त्याला फोन न दिल्यापेक्षा अधिक नुकसान होते, कारण मदत मागितली तरी मिळत नाही, असे त्याच्या मनात पक्के बसते.

या कामाची गरज किती मोठी आहे, हे केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीवरून कळते. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेल्या त्या पाहणीत १० ते ७५ वर्षे वयोगटातील १४.६ टक्के लोक दारू पितात असे आढळले, आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाने कोणता तरी उपचार घेतल्याचे सांगितले. उरलेले ३७ जण मानसोपचारतज्ज्ञाकडे जात नसले तरी खोकला, पित्त, जखम, रक्तदाब किंवा मुलाचे लसीकरण अशा काही ना काही कारणाने आपल्या दारात येतच असतात. तज्ज्ञ नसलेल्या माणसांनाही हे काम चांगले करता येते, याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगत’ या संस्थेने स्थानिक समुपदेशकांना शिकवून घातक प्रमाणात दारू पिणाऱ्या पुरुषांबरोबर जास्तीत जास्त चार भेटींचे समुपदेशन केले; २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटातील ३६ टक्के, तर केवळ नेहमीचा उपचार मिळालेल्या गटातील २६ टक्के पुरुष धोक्याच्या पातळीच्या खाली आले होते. तेथे मुख्य साधन माणूसच होता, आणि मोबाइल जोडायचा तो त्या माणसाचा हात लांबवण्यासाठी, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरुवात कोठून करावी

पहिले दोन महिने केवळ तंबाखूपासून सुरुवात करावी. तंबाखू सोडताना चिडचिड, अस्वस्थता आणि झोपेच्या तक्रारी होतात, मात्र दारू अचानक बंद केल्यावर येतात तसे जिवावर बेतणारे झटके त्यात येत नाहीत. त्यामुळे नव्या पद्धतीतील चुका सुधारायला वेळ मिळतो. शिवाय रुग्ण शोधावे लागत नाहीत. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात असे दिसले, आणि धूररहित तंबाखूचे प्रमाण एकट्याने २४.४ टक्के होते. म्हणूनच ‘सिगारेट किंवा विडी ओढता का’ एवढ्याच प्रश्नावर थांबलेली प्रश्नावली आपल्या भागात निरुपयोगी ठरते. मावा, गुटखा, चुना-तंबाखू आणि मिशरी यांची नावे घेऊन विचारावे. दात घासायला मिशरी लावणाऱ्या अनेक स्त्रिया ‘मी तंबाखू खात नाही’ असे मनापासून सांगतात, आणि त्यांच्या दृष्टीने ते खरेच असते.

यासाठी लागणारी माहिती अर्धीअधिक आपल्याकडे आधीच जमा असते. आशा कार्यकर्ती ३० वर्षांवरील प्रत्येकासाठी जो सीबॅक फॉर्म भरते, त्यात तंबाखू आणि रोजची दारू यांविषयी प्रश्न आहेत, आणि असंसर्गजन्य आजारांच्या ॲपमध्ये ते चढवलेही जातात. बहुतेक ठिकाणी ही उत्तरे गुणांची बेरीज होऊन तेथेच पडून राहतात. आपल्या उपकेंद्राच्या यादीतून ज्यांनी ‘रोज’ असे उत्तर दिले आहे ती नावे काढावीत आणि आशाताईंबरोबर बसून त्यांतील वीस जण निवडावेत. नवे ॲप उतरवण्यापूर्वी एवढे केले तरी पहिली पायरी पूर्ण होते.

या वीस जणांसाठी शासनाची दोन तयार साधने आहेत. पहिले म्हणजे १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवा. हा क्रमांक १ सप्टेंबर २०१८ पासून तंबाखूच्या पाकिटांवरच छापलेला असतो, त्यामुळे तो वेगळा लिहून द्यावा लागत नाही. रुग्णाच्या खिशातील पुडीच त्याच्यासमोर धरून दाखवावी, ते चांगले लक्षात राहते. दुसरे म्हणजे ०११-२२९०१७०१ या क्रमांकावर मिस्ड कॉल दिल्यावर लघुसंदेशांतून मार्गदर्शन करणारी एम-सेसेशन सेवा. साध्या बटणांच्या फोनवरही ती चालते, हा तिचा मोठा गुण आहे. मात्र कोणताही क्रमांक रुग्णाला देण्यापूर्वी आपण स्वतः तो एकदा लावून पाहावा, किती वेळ थांबावे लागते आणि कोणत्या भाषेत बोलतात ते ऐकावे, आणि पहिला फोन रुग्णाने आपल्यासमोर, दवाखान्यात बसूनच करावा. ‘घरी गेल्यावर लावा’ असे सांगितलेला फोन क्वचितच लागतो.

दारूविषयी विचारताना

दोन महिन्यांनी दारूकडे वळावे. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची प्रश्नावली टॅबवर किंवा मोबाइलच्या साध्या फॉर्मवर सहज बसवता येते आणि बेरीज आपोआप होते. ८ ते १५ गुण आले तर थोडक्यात सल्ला, १६ ते १९ आले तर समुपदेशन आणि पाठपुरावा, आणि २० किंवा अधिक आले तर डॉक्टरांनी सविस्तर तपासून पुढे पाठवण्याचा विचार करायचा, अशी तिची ढोबळ विभागणी आहे. गर्दीच्या ओपीडीत पहिले तीनच प्रश्न विचारावेत. पुरुषाला त्यांत ४ किंवा स्त्रीला ३ गुण मिळाले तर उरलेले सात विचारावेत. दारूखेरीज गांजा, झोपेच्या गोळ्या किंवा अन्य पदार्थांची शंका असल्यास त्याच संघटनेची ‘असिस्ट’ प्रश्नावली वापरावी.

येथे एक अडचण येते आणि ती तंत्रज्ञानाची नाही. ऑडिटमधील ‘ड्रिंक’ म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क, आणि आपला रुग्ण त्या हिशेबात बोलत नाही. तो ‘नाइन्टी’, ‘क्वार्टर’, ‘खंबा’ असे बोलतो. ४२.८ टक्के तीव्रतेच्या देशी किंवा विदेशी दारूचे ३० मिलिलिटर म्हणजे जवळपास एक ड्रिंक होते, म्हणून नाइन्टी म्हणजे तीन आणि १८० मिलिलिटरची क्वार्टर म्हणजे सहा. ८ टक्के तीव्रतेच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची एक बाटली चार ड्रिंकच्या आसपास जाते, त्यामुळे ‘मी फक्त बिअर घेतो’ या उत्तरावर निश्चिंत होऊ नये. ऑडिटचा तिसरा प्रश्न एका वेळी सहा किंवा अधिक ड्रिंक किती वेळा होतात असा आहे; सोलापुरात तो ‘एका बैठकीत क्वार्टर किती वेळा संपते’ असा विचारला की उत्तर लगेच आणि खरे येते. मोबाइलवरील फॉर्म तयार करताना ही मापे चित्रांसह त्यातच घालावीत. हातभट्टीची तीव्रता मात्र प्रत्येक वेळी वेगळी असते, तिचा हिशेब कोणत्याही ॲपला जमणार नाही. तेथे प्यायल्याचे दिवस मोजावेत आणि सकाळी उठल्यावर हात थरथरतात का हे विचारावे.

प्रश्न विचारण्याची भाषाही ठरवून घ्यावी. ‘तुम्ही दारू पिता का?’ असे काउंटरवरून मोठ्याने विचारलेल्या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येते. ‘अण्णा, बीपीच्या गोळीबरोबर विचारावेच लागते म्हणून सगळ्यांनाच विचारतो. गेल्या महिन्यात किती दिवस घेतली असेल?’ असे आडोशाला बसून विचारले, तर माणूस बोलतो. सोबत पत्नी किंवा मुलगा असेल तर फॉर्म रुग्णाच्या हातात देऊन त्याला स्वतःलाच बोटाने उत्तरे निवडू द्यावीत. पडद्यावर उत्तर देताना संकोच कमी होतो, आणि या पायरीवर यंत्राचा सर्वांत मोठा लाभ मला हाच वाटतो.

फोनवर करू नये असे एक काम

दारूवर अवलंबून असलेल्या रुग्णाला ‘आजपासून पूर्ण बंद करा’ असा सल्ला निरोपातून किंवा फोनवरून कधीही देऊ नये. रोज भरपूर पिणाऱ्याने ती एकाएकी थांबवली की काही तासांत हात थरथरणे, घाम आणि उलट्या सुरू होतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही जणांना दिवस-रात्र न समजणे, नसलेली माणसे दिसणे, ताप अशी गंभीर अवस्था येते. तिच्यात मृत्यूही होऊ शकतो. पूर्वी कधी झटके आलेले, बोलण्यात भ्रम दिसणारे, ताप किंवा काविळीची लक्षणे असलेले, एकटे राहणारे, गरोदर असलेले किंवा जगणे नको असे बोलणारे रुग्ण थेट रुग्णालयात पाठवावेत. त्यासाठी १०८ ची रुग्णवाहिका आणि सोलापुरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपले सिव्हिल, हे डोळ्यांसमोर असावे. दाखल करेपर्यंत सलाइनमधून ग्लुकोज देण्यापूर्वी थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) देण्याचा नियम विसरू नये.

औषधांच्या बाबतीत २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी सीमा आखून दिली आहे : अनुसूची एक्समधील आणि अमली पदार्थविरोधी कायद्यात मोडणारी औषधे दूरस्थ सल्ल्यातून लिहून देता येत नाहीत. दारू थांबवल्यावर होणारा त्रास उतरवण्यासाठीची काही नेहमीची औषधे आणि अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावरील ब्युप्रेनॉर्फिन यांच्याशी याचा थेट संबंध येतो. म्हणून सुरुवातीचा उपचार समोरासमोर आणि पाठपुरावा फोनवर, हा क्रम पाळावा. ई-संजीवनी या शासनाच्या दूरस्थ सल्ला सेवेवरून उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी मोठ्या केंद्रातील डॉक्टरांशी रुग्णाला समोर बसवून बोलू शकतात. पंढरपूर, सांगोला, करमाळा या बाजूच्या रुग्णांच्या सिव्हिलच्या फेऱ्या त्याने वाचतात, पण वर सांगितलेल्या धोक्याच्या रुग्णासाठी ई-संजीवनीच्या रांगेत थांबू नये.

रुग्णाच्या घरच्यांना आणखी एका गोष्टीपासून सावध करावे. ‘पिणाऱ्याला न सांगता जेवणात मिसळा, दारू सुटेल’ अशा पावडरींच्या जाहिराती फोनवर सतत फिरतात. त्यांत डायसल्फिरामसारखे औषध असले आणि ते पोटात असताना त्या माणसाने दारू घेतली तर रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येऊ शकतो; हे औषध रुग्णाच्या पूर्ण माहितीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. घाबरलेली बायको किंवा आई हे प्रेमापोटी करते, त्यामुळे तिला रागावू नये, जवळ बसवून समजावून सांगावे.

फोन कोणाचा आहे

विडी कामगार स्त्रियांच्या वसाहतींत काम करताना मला जे सर्वांत उशिरा समजले ते असे की, केसपेपरवर लिहिलेला मोबाइल क्रमांक पुष्कळदा रुग्णाचा नसतो. तो मुलाचा, शेजारणीचा किंवा विडी कारखान्याच्या मुकादमाचा असतो. एकदा ‘आपली व्यसनमुक्तीची भेट उद्या आहे’ असा निरोप नातवाने घरातल्या सर्वांसमोर वाचून दाखवला आणि त्या मावशी पुन्हा केंद्रात आल्या नाहीत. चूक आमचीच होती. तेव्हापासून नाव नोंदवताना मी चार गोष्टी विचारतो : हा फोन कोणाकडे असतो, निरोप आणखी कोण वाचते, कोणत्या वेळी फोन केलेला चालेल, आणि दुसऱ्याने उचलला तर आम्ही कोण म्हणून सांगावे. उत्तरे नोंदवहीत लिहून ठेवतो, आणि निरोपांत ‘दारू’, ‘तंबाखू’, ‘व्यसन’ हे शब्द कधीच वापरत नाही. ‘नमस्कार अण्णा, गुरुवारी दवाखान्यात यायचे आहे. तब्येत बरी असेल तर १ पाठवा, बोलायचे असेल तर २ पाठवा,’ एवढा निरोप पुरतो.

ही गुप्तता रुग्णाचा कायदेशीर हक्कही आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था येतात, आणि त्या कायद्यातील गोपनीयतेचा हक्क डिजिटल स्वरूपात साठवलेल्या माहितीलाही लागू आहे. आभा क्रमांक, म्हणजे रुग्णाचा डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक, काढणे ऐच्छिक आहे आणि त्याला नोंदी जोडण्यासाठी रुग्णाची संमती लागते. व्यसनाची नोंद जोडण्यापूर्वी ती कोणाला दिसू शकेल हे त्याला मराठीत, गरज असल्यास तेलुगू किंवा कन्नडमध्ये समजावून सांगावे आणि तो नको म्हणाला तरी उपचारात फरक पडू देऊ नये.

केंद्राचे सिम

पाठपुराव्यासाठी महागडी प्रणाली लागत नाही. केंद्राच्या नावाने एक सिम, एक साधा स्मार्टफोन, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस, आणि कुलपात राहणारी एक नोंदवही एवढ्यावर पहिले वर्ष निघते. डॉक्टरांच्या किंवा समुपदेशकांच्या खासगी क्रमांकावरून काम सुरू करण्याचा मोह टाळावा, कारण बदली झाली की रुग्ण त्या क्रमांकाबरोबर हरवतात. रुग्णांचा एकत्रित व्हॉट्सॲप ग्रुप तर करूच नये. प्रत्येकाला दुसऱ्याचा क्रमांक दिसतो आणि सोलापूरच्या पूर्व भागासारख्या वस्तीत सगळे एकमेकांना ओळखतात. ब्रॉडकास्ट यादीत ही अडचण येत नाही, पण रुग्णाने आपला क्रमांक त्याच्या फोनमध्ये साठवलेला असेल तरच निरोप पोहोचतो, म्हणून तो क्रमांक ‘दवाखाना’ अशा साध्या नावाने तेथल्या तेथे साठवून घ्यावा.

लिखित निरोपापेक्षा आवाजातील निरोप आपल्याकडे अधिक चालतो. घरी तेलुगू बोलणाऱ्या अनेकांचे शिक्षण मराठी शाळेत झाले आहे, काहींचे झालेलेच नाही, आणि त्यांना तेलुगू लिपीतला निरोप पाठवणे व्यर्थ जाते. केंद्रातील तेलुगू जाणणाऱ्या परिचारिकेच्या ओळखीच्या आवाजातील अर्ध्या मिनिटाचे बोलणे मात्र ते दोनदा ऐकतात. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड, पुढे महिनाभर आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा, असा क्रम ठेवावा. रुग्णाचा पगाराचा दिवस, जानेवारीतील गड्डा यात्रा, घरातील लग्न आणि ऊसतोडीला जाण्याची वेळ हे त्याच्या पानावर आधीच लिहून त्या दिवशी निरोपावर न थांबता फोन करावा. ऊसतोडीला गेलेला रुग्ण अनेकदा सिम बदलतो, म्हणून निघण्यापूर्वी टोळीतील त्याच्या विश्वासाच्या एका माणसाचा क्रमांक त्याच्या संमतीने घ्यावा.

केंद्र बंद असतानाच्या वेळेसाठी रुग्णाच्या फोनमध्ये आणखी दोन क्रमांक साठवावेत. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली टेली-मानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा १४४१६ वर चोवीस तास, मराठीसह तेलुगू आणि कन्नडमध्येही बोलते. व्यसनमुक्तीसाठी सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. हे क्रमांक दिले म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. दुसऱ्या दिवशी ‘काल बोलणे झाले का?’ हे आपणच विचारायचे असते.

ॲप निवडायचेच असेल तर

काही रुग्णांना, विशेषतः एमआयडीसीत काम करणाऱ्या तरुणांना, ॲप आवडते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात तयार झालेल्या ‘ए-चेस’ या ॲपची चाचणी निवासी उपचार पूर्ण करून घरी जाणाऱ्या ३४९ जणांवर झाली, आणि ते वापरणाऱ्या गटात महिन्यातील अतिमद्यपानाचे दिवस सरासरी १.३९, तर इतरांत २.७५ राहिले, २०१४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात संकटसमयी दाबायचे बटण होते, पिण्याच्या नेहमीच्या जागेजवळ गेल्यावर मिळणारी सूचना होती, आणि पलीकडे समुपदेशक होते. या शेवटच्या भागाशिवाय बाकीच्यांचा किती उपयोग झाला असता, याविषयी मला शंका आहे. निवडताना ॲप नेटवर्क नसताना चालते का, मराठीत आहे का, त्यात जाहिराती येतात का, माहिती कोठे साठते आणि ती पुसता येते का, हे स्वतः आठवडाभर वापरून तपासावे. मोफत ॲपमध्ये मध्येच रमीची जाहिरात येत असेल, तर ते रुग्णाच्या हाती देऊ नये.

ॲप टिकेल का, हाही प्रश्न आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये ‘रीसेट’ या व्यसनोपचाराच्या ॲपला मान्यता दिली, तेव्हा व्यसनोपचारासाठी डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून देण्याचे ते पहिले सॉफ्टवेअर ठरले. ते बनवणारी कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्यामुळे रुग्णाच्या नोंदींची एक प्रत आपल्या नोंदवहीत असलीच पाहिजे.

तीन महिन्यांनंतर

तीन महिन्यांनी केंद्रातील सर्वांनी एकत्र बसून नोंदवही उघडावी. किती जणांना विचारले, किती जण धोक्याच्या पातळीवर निघाले, त्यांतील किती जण एक महिन्याने आणि तीन महिन्यांनी संपर्कात राहिले, आणि किती निरोपांना चोवीस तासांत उत्तर गेले नाही, एवढे चार आकडे पुरेत. त्यांतील चौथा आकडा मी आधी पाहतो, कारण तो रुग्णांविषयी नसून आपल्याविषयी आहे. तो वाढत असेल तर नवे रुग्ण घेणे थांबवून आधी उत्तर देणाऱ्या व्यक्तीचे दुसरे काम कमी करावे. पुन्हा प्यायलेल्या रुग्णाचे नाव यादीतून काढू नये. त्याला त्याच आठवड्यात फोन करून ‘काका, या, चहा घेऊ, बोलू’ एवढेच म्हणावे आणि कोणत्या दिवशी, कोणाबरोबर, कशामुळे घेतली हे भेटल्यावर विचारून त्याच्या पानावर लिहावे, म्हणजे पुढच्या वेळी त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी फोन करता येतो.

बदली होऊन केंद्र सोडताना सिम, फोन, पासवर्ड आणि नोंदवही नव्या व्यक्तीच्या हाती सही घेऊन सोपवावी, आणि पाठपुराव्यातील प्रत्येक रुग्णाला आपण स्वतः शेवटचा फोन करून, नव्या डॉक्टरांना किंवा ताईंना शेजारी बसवून, त्यांचा आवाज ऐकवावा. नवीन व्यक्ती रुजू झालेली नसेल तर ते काम आरोग्यसेविकेबरोबर बसून करावे, आणि फोन चार्ज करून कोणाच्या टेबलावर ठेवायचा हेही सांगून निघावे.